मदत हवी आहे : हॉब्जचे १६५१ चे 'लेव्हायथन' घ्यावे का?

लीड्सवासी
नमस्कार. इथल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जच्या 'लेव्हायथन' या राज्यसंस्थेवरच्या ग्रंथाची प्रत आली आहे. नामपृष्ठावर लंडन, प्रकाशक अँड्र्यू क्रूक आणि साल १६५१ छापलेले आहे, तेव्हा ती पहिली आवृत्ती आहे याबद्दल प्रश्न नाही. प्रश्न एवढाच आहे की चामड्याच्या बांधणीची पाठ नंतर बदललेली असल्यामुळे किमतीत किती सूट मागणे रास्त ठरेल? विक्रेत्याने प्रत शुक्रवारपर्यंतच राखून ठेवली आहे. जाणकारांनी कृपया लवकर सांगावे. 'गूगल करा' असे सांगू नये, ते करून झाले आहे.

जुना फर्मा
सुटीचे नंतर पाहू. नामपृष्ठावर प्रकाशकाच्या नावाच्या वर कोणते चिन्ह आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. १६५१ हे साल छापलेल्या या पुस्तकाच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. पहिल्या आवृत्तीवर मानवी मुंडक्याचे चिन्ह असते, दुसरीवर पानोळ्यात पंजे रोवलेले अस्वल असते आणि तिसरीवर छापखान्यातल्या छोट्या नक्षीखिळ्यांची त्रिकोणी मांडणी असते. संग्राहक त्यांना मुंडके, अस्वल आणि नक्षी अशाच नावांनी ओळखतात; विंगच्या, म्हणजे त्या काळच्या इंग्रजी छापील पुस्तकांच्या प्रमाण सूचीत त्यांना अनुक्रमे एच २२४६, २२४७ आणि २२४८ हे क्रमांक आहेत. यांपैकी खरोखर १६५१ मध्ये छापलेली फक्त मुंडक्याची आहे. नामपृष्ठाचा फोटो टाका.

लीड्सवासी
फोटो सोबत जोडला आहे. चित्र तर सर्वांना माहीत असलेलेच आहे : माणसामाणसांनी बनलेला राजा, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात धर्मगुरूचा दंड. आता सुटीचे सांगता का?

जुना फर्मा
हे कोरीव चित्रपृष्ठ आहे, खिळ्यांनी छापलेले नामपृष्ठ नव्हे. चिन्ह नामपृष्ठावर असते आणि ते चित्राच्या पुढच्या पानावर असेल. कृपया त्याचा फोटो द्या.

हिशेबी
पुस्तक भारतात आणणार असाल तर आधी १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्या व्याख्येत बसली, तर ती पुन्हा देशाबाहेर नेण्याचा अधिकार खाजगी व्यक्तीला राहत नाही. एकदा मुंबईत उतरवलेत की नंतर तिकडच्या लिलावात विकण्याचा विचार सोडून द्यावा लागेल.

लीड्सवासी
मी बारा वर्षे इथेच राहतो आणि पुस्तकही इथेच राहणार आहे. भारताचा विषय मी काढलेलाच नाही.

तर्कटी
मुळात इंग्रजी प्रतीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १६६८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ब्लाऊ यांच्या छापखान्यातून हॉब्जची लॅटिन समग्र तत्त्वज्ञान-ग्रंथावली निघाली आणि तिच्यात 'लेव्हायथन'चा त्याने स्वतः केलेला लॅटिन पाठ आहे. ज्याला हॉब्जचा विचार समजून घ्यायचा आहे त्याने तो संच घ्यावा. माझ्याकडे त्यातला एक भाग आहे आणि त्याची छपाई क्रूकच्या छपाईपेक्षा फार सुबक आहे.

मृण्मयी_प
तर्कटी, धागाकर्त्यांच्या हातात लॅटिन संच नाही, शुक्रवारपर्यंतची एक इंग्रजी प्रत आहे. प्रत्येक धाग्यावर आपल्या कपाटातला ग्रंथ बाहेर काढलाच पाहिजे असे नाही.

लीड्सवासी, प्रत प्रत्यक्ष हाताळायला मिळाली तर मजकुराच्या चाळिसाव्या पानाजवळ शास्त्रांच्या वर्गीकरणाचा घडीचा तक्ता आहे की नाही ते आधी पाहा. घडीचा कागद असल्यामुळे तो बरेचदा फाटतो, किंवा मागच्या कोणा मालकाने तो काढून घेतलेला असतो. तक्ता नसेल तर पाठ बदलली आहे की नाही ही चर्चा गौण ठरते, कारण पाठ दुरुस्त करता येते, पण गेलेले पान परत आणता येत नाही.

लीड्सवासी
नामपृष्ठाचा फोटो विक्रेत्याकडून मिळाला. अस्वल आहे.

जुना फर्मा
मग प्रकाशकाचे आडनाव मोठे करून वाचा. अस्वलाच्या आवृत्तीत 'क्रूक'च्या इंग्रजी स्पेलिंगमधले दुसरे अक्षर आरऐवजी के पडलेले आहे. आपल्या फोटोत तो के स्वच्छ दिसतो. विक्रेत्याच्या यादीत 'पहिली आवृत्ती' असे शब्द असतील आणि किंमतही तशीच लावलेली असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ही सरळ सरळ नक्कल आहे.

मृण्मयी_प
नक्कल हा शब्द मला मान्य नाही. ३ सप्टेंबर १६६८ ला लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे की पूर्वी ८ शिलिंगला मिळणारे हे पुस्तक आपण जुन्या बाजारात २४ शिलिंगला घेतले, कारण बिशप मंडळी ते पुन्हा छापू देत नाहीत. त्याआधी १६६६ मध्ये, लंडनच्या मोठ्या आगीनंतर, नास्तिकतेविरुद्धच्या विधेयकाच्या निमित्ताने कॉमन्स सभागृहात या पुस्तकाचे नाव घेतले गेले होते. किंमत तिप्पट आणि परवानगी शून्य, अशा वेळी मुद्रक जुने साल टाकूनच छापणार. १६७० मध्ये जॉन रेडमेन या लंडनच्या मुद्रकाकडचे 'लेव्हायथन'चे छापील ताव स्टेशनर्स कंपनीने, म्हणजे लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाने, जप्त केले, आणि हॉब्जचे अभ्यासक नोएल माल्कम यांनी अस्वलाच्या आवृत्तीचा संबंध याच छपाईशी जोडला आहे. बंदीला चुकवून निघालेली आवृत्ती संग्रहात असणे मला तरी कमीपणाचे वाटत नाही.

जुना फर्मा
इतिहास मान्य आहे, पण लीड्सवासी इतिहासाचे पैसे देत नसून पहिल्या आवृत्तीचे देत आहेत. मुंडक्याच्या किमतीला अस्वल घेणे हा शुद्ध तोटा आहे, मग त्या अस्वलाची कथा कितीही रसाळ असो.

तर्कटी
१६८३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने या पुस्तकाची जाहीर होळी केली होती, हेही इथे सांगायला हवे. हॉब्ज खरोखर नास्तिक होता का, यावर वेगळा धागा काढावा काय?

मृण्मयी_प
वेगळाच काढा.

लीड्सवासी, आणखी एक गोष्ट तपासा. पाठ बदलताना कधी कधी दुसऱ्या प्रतीतले पान आणून बसवतात. नामपृष्ठ उजेडासमोर धरा आणि त्याच्या कागदातल्या उभ्या रेषांमधले अंतर व जलचिन्ह पुढच्या पानांशी जुळते का ते पाहा. मग शिवणीच्या बाजूला पान मुळातच शिवलेले आहे की अरुंद पट्टीवर चिकटवलेले आहे, हे बोटाने चाचपून पाहा. आधीच्या पानांवर वाळवीची भोके असतील तर ती नामपृष्ठावरही त्याच जागी आली पाहिजेत.

हिशेबी
वाळवीवरून आठवले, पुण्यात आम्ही पावसाळ्यात कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवतो.

लीड्सवासी
विक्रेत्याशी फोनवर बोललो. यादीतले 'पहिली आवृत्ती' हे शब्द काढायला तो तयार आहे, पण किंमत फक्त दहा टक्क्यांनी उतरवतो आणि 'अस्वलही दुर्मीळ आहे' असे म्हणतो. मृण्मयीताईंचे म्हणणे पटल्यामुळे पुस्तक घेण्याची इच्छा अजून आहे, पण या किमतीला नाही. निम्म्यावर आला तर घेईन, नाहीतर सोडून देईन. उद्या सकाळी तसे त्याला कळवतो.

जुना फर्मा
योग्य आहे. फोनवर घडीच्या तक्त्याचे विचारलेत का?