प्रति: कॉलेजच्या मुलांसाठी मराठी बायबल-अभ्यासाचे पाठ कुठे मिळतील?

वर कोणीतरी अमेरिकन व्हिडिओ मालिका सुचवली आहे. बघायला झकास, पण त्यातलं डॉर्म आणि डेटिंग आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या पोराला काय कामाचं? त्याचे प्रश्न वेगळे: आडनावावरून होणारी चौकशी, घरून लग्नाची घाई, तिसऱ्यांदा हुकलेली प्रिलिम.

माझं मत, तयार पुस्तक शोधत बसू नका. बायबलमधला मार्क घ्या, म्हणजे मार्कने लिहिलेलं येशूचं चरित्र. सोळाच अध्याय, आठवड्याला एक धरला तर एका सेमिस्टरमध्ये बसतो. त्याआधी बायबलमधल्याच दानीएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय जरूर करा. परमुलखात शिकायला नेलेली पोरं, त्यांची नावंसुद्धा बदललेली, समोर राजाच्या ताटातलं अन्न. दानीएल भांडत नाही, ते अन्न न खाता राहून दाखवायला कारभाऱ्याकडे दहा दिवसांची मुदत मागतो. तिथे थांबून एवढंच विचारा, ‘तुमच्या कॉलेजात, ऑफिसात ही मुदत कशी मागाल?’ मग तुम्ही गप्प बसा. (आपल्या वडीलधाऱ्यांना हेच जड जातं!)

जोडीला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तले उतारे वाचा. १८९५ साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा घर कसं उभं फाटलं, हे त्या ज्या मिश्किलपणे सांगतात, तसं कुठल्याही अनुवादित पाठात सापडणार नाही. शिवाय हिंदू मित्रमैत्रिणीही बिनदिक्कत येऊन बसतात.

आणि वेळ रविवार संध्याकाळची ठेवा. बहुतेक मेस तेव्हा बंद असतात. वरणभात केलात तरी पोरं येतील.