सवाना मॉनिटरला कॅल्शियम आणि व्हिटॅमिनची पावडर: कोणती, किती, कधी?

डॅलसकर
नमस्कार मंडळी. ओळखीतलं एक कुटुंब गाव सोडून गेलं आणि जाताना त्यांचा सवाना मॉनिटर (आफ्रिकेतली घोरपडीची जात) माझ्या मुलाला देऊन गेलं. वय साधारण दहा महिने, नाव शेरू. इथे टेक्सासमध्ये तो पाळायला कायद्याची आडकाठी नाही. आधीच्या घरी मिळायचं तेच खाणं आम्ही चालू ठेवलं: टर्कीचा खिमा, आठवड्यातून दोनदा उंदराची गुलाबी पिल्लं, अधूनमधून कच्चं अंडं.

गेल्या आठवड्यापासून त्याच्या मागच्या पायांची बोटं आपोआप थरथरतात. हातावर घेतलं की स्पष्ट जाणवतं, कातडीखाली मुंगी फिरावी तसं. चालताना पोट उचलत नाही, घसटत जातो. दुकानदार म्हणाला, डी३ वालं कॅल्शियम रोज भरपूर टाका. घरात आता दोन डबे आहेत, एक ते आणि एक मल्टिव्हिटॅमिनचा. दोन्ही रोज द्यायचे का? मुलगा शाळेतून आला की आधी त्याची बोटं बघतो. लवकर सांगा.

वेटटेक
मी अमेरिकेतच एक्झॉटिक प्राण्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. दादा, पावडरचं नंतर बघू. बोटं अशी थरथरणं ही बहुतेक वेळा रक्तातलं कॅल्शियम घसरल्याची खूण असते. उद्याच सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या. कुत्र्यामांजरांचा डॉक्टर पुरणार नाही. एआरएव्ही या संघटनेच्या साइटवर तुमच्या भागातले व्हेट सापडतील. एक्स-रे आणि रक्तातलं आयोनाइज्ड कॅल्शियम, दोन्ही तपासायला सांगा. तोवर त्याला शेपटीला किंवा काखेत धरून उचलू नका, अख्ख्या पोटाखाली तळहात द्या. टँकमधल्या उंच फांद्या काढून ठेवा. हाडं मऊ पडली असतील तर हातभर उंचीवरून पडूनही पाय मोडतो.

आणि डी३ अंदाजाने वाढवू नका. ते चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही. मग कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचायला लागतं. 'ए' चंही तसंच, अति झालं तर कातडी सोलवटते.

मेलबर्नची मावशी
वेटटेक यांना पूर्ण अनुमोदन. माझ्याकडे लायसन्स काढून पाळलेली अ‍ॅकी मॉनिटर, म्हणजे इथली छोटी घोरपड, आहे, सहा वर्षं झाली. जात वेगळी, पण कॅल्शियमचं गणित तेच.

मुळात खिमा हे त्याचं अन्नच नाही. सवाना मॉनिटर घाना, टोगो, बेनिनकडचा. तिथे तो भुंगे, नाकतोडे, गोमी, गोगलगायी, विंचू खातो. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट लागतं. ते मिळालं नाही की रक्तातली पातळी राखायला शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम उपसतं. गुलाबी पिल्लांची हाडंही पुरती धरलेली नसतात. मोठ्या उंदरात हाडं असतात, पण तोच रोज दिला तर सवाना लठ्ठ होतो आणि यकृतात चरबी साचते. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन बांधून ठेवतं, म्हणून अंडं क्वचित आणि उकडून.

मी काय करते ते सांगते. वूडी जातीची झुरळं आणि रातकिडे आणले की दोन दिवस त्यांनाच आधी पोटभर खायला घालते: मोहरीचा पाला, गाजर, भोपळा आणि किड्यांसाठी मिळणारं कॅल्शियमयुक्त खाद्य. रातकिड्यातही मुळात कॅल्शियम फार कमी, त्यामुळे त्याच्या पोटात काय भरलंय याला महत्त्व. मग झाकणाच्या डब्यात चिमूटभर पावडर टाकून हलक्या हाताने हलवते. भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरवतो ना, तेवढाच थर. अनारशाला खसखस लावल्यासारखा जाड थर झाला तर माझी अ‍ॅकी किडा तोंडात घेऊन थुंकून टाकते. पावडर लावलेले किडे लगेच घाला, तासाभरात ते स्वतःला चाटूनपुसून साफ करतात.

यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांचा दिवा चांगला असेल तर किड्यांच्या प्रत्येक जेवणाला बिन-डी३ चं साधं कॅल्शियम आणि दहा-बारा दिवसांतून एकदा डी३ असलेलं मल्टिव्हिटॅमिन. झू मेडचं रेप्टिव्हाइट डी३ सकट आणि डी३ शिवाय असं दोन्ही मिळतं, लेबल नीट वाचा. रेपॅशीचं कॅल्शियम प्लस घेतलं तर त्यात व्हिटॅमिनं आधीच आहेत, वरून दुसरं मल्टिव्हिटॅमिन नको. ही माझी निरोगी अ‍ॅकीची पद्धत आहे. शेरूचं प्रमाण तुमचा व्हेटच ठरवेल.

आता सांगा, यूव्हीबी दिवा कुठला आहे आणि कुठे लावलाय?

डॅलसकर
उद्या सकाळची अपॉइंटमेंट मिळाली. दिवा छोटा, पीळदार बल्ब आहे, टँकच्या काचेच्या झाकणावर ठेवलेला. पावडरचे डबेही तिथेच शेजारी.

मेलबर्नची मावशी
मग शेरूला यूव्हीबी जवळजवळ मिळालेलंच नाही. साधी काच ते अडवते, दाट जाळीही बरंच खाते. लांब टी५ यूव्हीबी नळी टँकच्या आत लावा, वर्षाने बदला. प्रकाश दिसत राहतो पण यूव्हीबी उतरत जातं. कातडीत यूव्हीबीमुळे जे तयार होतं त्याचं डी३ व्हायला ऊबही लागते, म्हणून बसायचा दगड ५० ते ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. डबे थंड कोरड्या कपाटात. झाकण उघडल्याची तारीख वर लिहा, सहा महिन्यांनी नवा आणा.

कृष्णाकाठ
मी सांगलीचा. उसात घोरपडीचं पिल्लू सापडलंय, दोन दिवस खोक्यात आहे. त्याला हीच पावडर चालेल का?

वेटटेक
दादा, त्याला पावडर नको, शेत हवं. आपल्याकडच्या घोरपडी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पाळणं हा गुन्हा आहे. आजच वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. तोवर खोकं सावलीत ठेवा, हाताळू नका.

कृष्णाकाठ
फोन केला. वनरक्षक येऊन घेऊन गेले.

डॅलसकर
उशिरा कळवतोय, माफ करा. एक्स-रेत शेरूची मांडीची हाडं कडेच्या मांसापासून धड वेगळी दिसत नव्हती, इतकी विरळ. फ्रॅक्चर नाही. व्हेटने तिथेच इंजेक्शन दिलं आणि तोंडातून द्यायचं पातळ कॅल्शियम वजनावर मोजून लिहून दिलं. डी३ चा डबा सध्या बंद. खिमा बंद. टी५ नळी आत बसवली, दगड ५३ अंशांवर आहे.

आज पाचवा आठवडा. थरथर थांबली. पुढचा एक्स-रे महिन्याने. काल मुलाने पावडर लावलेलं झुरळ चिमट्यात धरलं, तर शेरू चारही पायांवर पोट उचलून टँकच्या या टोकापासून त्या टोकाला चालत आला.