दालचिनी-लवंगेचं तेल दातांच्या दवाखान्यासारखं का येतंय?

निशिगंध:
ध्यानाला बसण्याआधी मनगटाला लावायचं उष्ण, मसालेदार तेल करायचंय. वासातून जे माणूस उभं राहावं ते असं: कमी बोलणारं, ठाम, पण जवळ गेलं की ऊबदार. सध्याचं प्रमाण: 10 मिली जोजोबात (सगळं मिसळायचं साधं तेल) दालचिनीच्या सालीचं तेल 4 थेंब, लवंग 6, संत्रं 5 आणि थोडा स्वयंपाकातला व्हॅनिला इसेन्स. वास दवाखान्याचा येतो आणि व्हॅनिला तळाशी गोळे होऊन बसतो. काय चुकतंय?

अर्धा थेंब:
आधी ते मनगटाला लावणं थांबवा. 10 मिलीत साधारण 200 थेंब धरले तर तुमची दालचिनी 2 टक्के झाली. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, म्हणजे दालचिनीचा झोंबणारा घटक, ठासून भरलेलं असतं, म्हणून त्वचेसाठी कमाल 0.07 टक्केच धरतात. म्हणजे जवळपास 28 पट! लवंग 3 टक्के आहे, तिथे मर्यादा 0.5. नुसतं झोंबून थांबत नाही. एकदा अ‍ॅलर्जी जडली की सहसा जात नाही, मग दालचिनीची टूथपेस्टही चालत नाही.

दवाखाना म्हणजे युजेनॉल. लवंगेच्या तेलात मुख्य तेच, आणि दंतवैद्य तात्पुरत्या सिमेंटमध्ये तेच वापरतात. पळवाट म्हणून दालचिनीच्या पानांचं तेल घेऊ नका, त्यातही बहुतेक युजेनॉलच असतं.

व्हॅनिला इसेन्स पाणी-अल्कोहोलमधला, तो तेलात मिसळणारच नाही. काढून टाका.

वजनकाटा:
थेंब मोजणं सोडा. वाळ्याचं तेल घट्ट, त्याचा थेंब जड, संत्र्याचा हलका. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या.

10 ग्रॅमसाठी: चंदन 0.20, फ्रँकिन्सेन्स (धुपाच्या डिंकाचं तेल) 0.08, संत्रं 0.08, वेलची 0.06, मिरी 0.04, वाळा 0.03, लवंग 0.03, दालचिनीचं द्रावण 0.05, बाकी 9.43 जोजोबा. द्रावण म्हणजे 1 भाग सालीचं तेल, 9 भाग जोजोबा. नुसती दालचिनी 0.005 ग्रॅम लागते, ती काट्यावर दिसतच नाही.

घट्ट तेलं आधी, जोजोबा शेवटी. गडद काचेच्या बाटलीत दोन-तीन आठवडे मुरू द्या. पहिल्या दिवशी मिरी आणि संत्रंच पुढे पुढे करतात, त्यावरून प्रमाण बदलू नका. ड्रॉपरचं रबर लावून ठेवू नका, लवंग-दालचिनीने ते फुगून चिकट होतं.

निशिगंध:
एवढ्याशा दालचिनीने ऊब येईल? आणि सुगंधासाठी बाटलीत दालचिनीचा तुकडा टाकला तर?

अर्धा थेंब:
तुकडा नको. सुक्या मसाल्यातही ओल असते, बुरशी धरते. शिवाय त्यातून किती सिनॅमाल्डिहाइड उतरलं याचा हिशेब राहत नाही.

धूपछाया:
ऊब दालचिनीची, हाच मुळात गैरसमज वाटतो. दालचिनी पुढे आली की माणूस तापट होतो, खोलीत शिरल्या शिरल्या मोठ्याने बोलणारा. लवंग जास्त झाली की शिस्तीचा मास्तर. तुम्हाला हवं ते माणूस चंदन आणि वाळ्यात आहे. मसाला म्हणजे फक्त त्याच्या डोळ्यातली चमक. वेलची सोडू नका, तिच्यातल्या थंडाव्यामुळेच बाकीचं उष्ण जाणवतं. वरच्या प्रमाणात अजून गंभीर हवा असेल तर संत्रं 0.04 करा, तेवढंच चंदन वाढवा. वाळ्याला मात्र हात लावू नका, 0.06 झाला की ओल्या मातीखाली सगळं गाडलं जातं.

वजनकाटा:
मुरल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 48 तास बघा. झोंबलं तर आधी साधं खाद्यतेल लावून पुसा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते निघत नाही.