मदत हवी आहे: रेक (वॅगनची गाडी) उभा असताना सगळे टॅग येतात, हलला की निम्मे गळतात

मंडळी, मिरजेजवळच्या एका खासगी सायडिंगवर (मुख्य मार्गावरून फुटलेल्या फाट्यावर) वॅगनचे आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखपट्टी) वाचायला चार पोर्टचा यूएचएफ रीडर बसवलाय. रुळाच्या दोन्ही बाजूंना ८ डीबीआयचा (लहरी एका दिशेला एकवटण्याचं माप) एकेक अँटेना, टॅगपासून २ मीटरवर. अँटेनाची कोएक्स केबल आरजी-५८ (बारीक जातीची), अलीकडे ५ मीटर आणि रुळाखालून पलीकडे १५ मीटर. २४ व्होल्ट केबिनमधून येतात, ८० मीटर, १ स्क्वेअर एमएमच्या वायरने. चारही पोर्ट चालू, प्रत्येकाला ५०० मिलिसेकंद. रेक ताशी १५ किमीने आत येतो तेव्हा ४२ पैकी अलीकडचे २४-२५ टॅग मिळतात, पलीकडचे त्याहून कमी. मधूनच रीडर आपोआप रीस्टार्टही होतो. पॉवर १ वॅटवर आहे, आणखी वाढवता येईल का?

उत्तर

पॉवरला हात लावू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय १ वॅट आणि ४ वॅट ईआरपी (अँटेनाने एकवटल्यावर बाहेर पडणारी परिणामी पॉवर) एवढीच मुभा आहे, ८ डीबीआयच्या अँटेनावर ती जवळपास भरते. रीडरच्या सेटिंगमध्ये रीजन मात्र ८६५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे भारताचा, निवडलाय ना ते बघा.

गळती वेळेची आहे. ७० अंशांचा बीम २ मीटरवर २.८ मीटर रुंद पडतो. ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर, म्हणजे टॅग जेमतेम ०.६७ सेकंद समोर असतो. तुमचा अँटेना मात्र दोन सेकंदांत एकदाच, अर्धा सेकंद जागा असतो. हिशेबाने (०.६७ + ०.५) भागिले २, म्हणजे ५८ टक्के, म्हणजे ४२ पैकी २४. आकडा बरोबर जुळतोय!

रिकामे पोर्ट ३ आणि ४ बंद करा, उरलेल्या दोघांना ५० मिलिसेकंद द्या. समोर एकावेळी एखाद-दोनच टॅग असतात, तेव्हा क्यू (टॅगना उत्तर द्यायला किती संधी, ते सेटिंग) १ आणि सेशन (वाचलेला टॅग पुन्हा कधी बोलेल, ते सेटिंग) एस-० ठेवा.

रीस्टार्टचं कारण वायर. जाऊन-येऊन १६० मीटर, रोध ३ ओहमच्या आसपास. दीड अँपिअरला साडेचार व्होल्ट वायरीतच जातात. रीडर ट्रान्समिट करत असताना त्याच्याच टर्मिनलवर मीटर लावा, नुसतं चालू असताना लावलेलं रीडिंग फसवतं. ४ स्क्वेअर एमएम टाकलीत तर घट सव्वा व्होल्टच्या आत येते.

प्रश्नकर्ता

पोर्ट आणि वेळ बदलली. अलीकडचे ४२ पैकी ४२! पलीकडचे ३६-३७ वर अडलेत, कोळशाच्या धुळीने माखलेले टॅग हमखास सुटतात.

दुसरं उत्तर

आता कोएक्सची पाळी. ८६५ ला आरजी-५८ मीटरमागे अर्ध्या डीबीच्या (डेसिबल, सिग्नलच्या घटीचं माप) वर खाते. १५ मीटरमध्ये सात-आठ डीबी, म्हणजे अँटेनापर्यंत पाचवा-सहावा हिस्साच पोचतो. स्वच्छ टॅग तेवढ्यावर बोलतो, माखलेला बोलत नाही. ४०० जातीची जाड कोएक्स केबल टाका, तोटा दोन डीबीवर येईल. ती करकचून वाकवू नका. रुळाखालून एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपातून न्या, अँटेनाच्या एन कनेक्टरवर रबराची सेल्फ-अमाल्गमेटिंग (गुंडाळल्यावर एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा, आणि कनेक्टरच्या अलीकडे केबलला खाली झोळ सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी थेट आत.

अँटेनाच्या खांबाचं काय? मिरजेची काळी माती मे महिन्यात भेगाळते, पावसात फुगते. उथळ पायावरचा खांब कलतो आणि अँटेना शेजारच्या रुळावर रोखला जातो. पाया मुरुमापर्यंत न्या. अर्थिंगची मोजणी माती कोरडी असताना, मेमध्येच करा. वरून रेल्वेची २५ केव्हीची (२५ हजार व्होल्टची) तार जात असेल तर खांबाचं बाँडिंग (रुळाशी किंवा अर्थशी विजेची जोडणी) आणि रुळापासूनचं अंतर रेल्वेकडून लिहून घेतल्याशिवाय खड्डा घेऊ नका.