पहिलटकरणींच्या नोंदी हव्या आहेत: ठाणे, नवी मुंबई

कळवा, वाशी, नेरूळकडच्या प्रसूतिगृहांत रजिस्टर सांभाळणाऱ्यांसाठी प्रश्न. १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. आईचं वय किंवा ऋतू यांनी तो आकडा हलतो का, हे तपासायचंय. मुलग्यांच्या प्रमाणात एका टक्क्याचा फरक पकडायला प्रत्येक गटात ४०,००० च्या आसपास जन्म लागतात. हजार जन्मांत नुसत्या योगायोगाने तीन टक्के इकडेतिकडे होतात, आणि लोक त्यालाच शोध समजतात! दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गर्भलिंगनिवडीची भेसळ जास्त, म्हणून फक्त पहिलटकरणी. नावं नकोत, महिना, आईचं वय, बाळाचं लिंग, एकटं की जुळं, एवढंच. मृतजन्मांत मुलगे थोडे जास्त असतात, तेव्हा ते वेगळे हवेत. तुमच्याकडे ते त्याच रजिस्टरात लाल शाईने लिहितात की वेगळ्या वहीत?