सल्ला हवा आहे: निफाडच्या थंडीत केस हातात येताहेत

कोकणकन्या:
नमस्कार. माझं माहेर रत्नागिरीचं, सासर निफाड तालुक्यात. इथला हा माझा दुसरा हिवाळा. गेल्या वर्षी इतका त्रास नव्हता, यंदा मात्र केसांनी रडवलंय. केस कमरेपर्यंत आहेत. तिकडच्या दमट हवेत ते कधी कोरडे पडले नाहीत. इथे सकाळी खोबरेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. पाणी बोअरचं, न्हाणं बंबाच्या कडकडीत पाण्याने. टाळूला सतत खाज, खांद्यावर कोंडा, आणि विंचरायला बसलं की कंगवाभर केस. सासूबाई म्हणाल्या, रात्री भरपूर तेल चोपड आणि सकाळी न्हा. तीन आठवडे तेच करतेय, पण कोंडा उलट वाढला. तेल कुठलं, शाम्पू कुठला, आठवड्यातून कितीदा न्हायचं, जे अनुभवाचं असेल ते सांगा. खरंच भीती वाटायला लागली आहे.

पिंपळगावची मावशी:
पोरी, आधी घाबरणं सोड. माझं बावीस वर्षांचं पार्लर आहे. बागेत द्राक्षं वाचवायला शेकोट्या पेटल्या की चार दिवसांत माझ्या खुर्चीवर हीच तक्रार येऊन बसते. २०१८च्या डिसेंबरात इथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता, तेव्हा तर रांग लागली होती.

पहिली गोष्ट: टाळू आणि केस ही दोन वेगळी दुखणी समज. टाळू जिवंत कातडी आहे, केसाची लांबी निर्जीव. एकाला लागतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही. आपण सगळे इथेच चुकतो.

आता उजेडात बस आणि नखाने टाळूवर हलकेच खरवडून बघ. पिठासारखी कोरडी, बारीक भुकटी निघाली तर ती थंडीने सुकलेली कातडी. पिवळसर, तेलकट, नखाखाली चिकटून राहणारा पापुद्रा निघाला तर तो खरा कोंडा. टाळूवर एक प्रकारची बुरशी सगळ्यांच्याच असते, ती तेलावर वाढते. अशा कोंड्यावर रात्रभर तेल ठेवलं की तिला खाऊच मिळतो. तुझा कोंडा तेलाने वाढला, म्हणजे मला दुसराच प्रकार दिसतोय. सासूबाईंनी मायेनेच सांगितलं, पण तो उपाय कोरड्या टाळूचा.

मग तेल कुठे लावायचं? कानाच्या खाली, लांबीला आणि टोकांना, न्हाण्याआधी तासभर. खोबरेल सोडू नकोस. ते केसाच्या आत मुरतं, त्यामुळे धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. २४ अंशांच्या खाली ते गोठतं, त्यात बिघाड काही नाही. वाटीत काढून ती गरम पाण्यात ठेव, मिनिटभरात पातळ होतं. आच दाखवू नकोस. तिळाचं तेल इथल्या थंडीतही पातळ राहतं. भोगीला तीळ लावून न्हायची आपली रीत आहेच, मला ते हिवाळ्यात आवडतं.

पाणी कोमटच हवं. कडकडीत पाण्याने टाळूचं स्वतःचं तेलही धुऊन जातं. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण केसांना अजिबात लावू नकोस, मग तो शिकेकाईचा का असेना. त्याचा चिकट साका केसावर बसतो आणि केस काथ्यासारखे होतात. पातळ शाम्पू चालेल, तोही फक्त टाळूला. खाली वाहतो तेवढा लांबीला पुरतो. टोकांना कंडिशनर. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरचं पाणी घे, फरक त्याच दिवशी हाताला कळेल. शिकेकाई वापरायची तर शेंगा उकळून, फडक्यातून गाळून. पूड थेट घातली की टाळूत अडकते आणि खाज वाढवते.

न्हाण्याची वेळ दुपारची, उन्हाची. ओले केस खसाखसा पुसू नकोस, जुन्या सुती पंच्यात गुंडाळून टिपून घे. आणि गाडीवर जाताना ओल्या केसांवर स्कार्फ घट्ट बांधू नकोस.

अजून एक विचारते. कंगव्यातला केस हातात घेऊन बघ. टोकाला पांढरा ठिपका आहे का? आणि केस अख्खा लांब आहे की तुकडा?

एडमंटनकर:
मावशींचं टिपून ठेवलं. आमच्याकडे कॅनडात बाहेर उणे वीस-पंचवीस, घरात दिवसभर हीटर, त्यामुळे हवा पापडासारखी कोरडी. पहिल्या वर्षी ओल्या केसांनी बसस्टॉपवर गेले, तर केसांच्या काड्या झाल्या. तेव्हापासून न्हाणं संध्याकाळी. निजायच्या खोलीत ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावल्यापासून टाळू ओढल्यासारखी वाटत नाही. लोकरीच्या टोपीच्या आत रेशमी स्कार्फ बांधते, लोकर केसांवर घासली की टोकं झिजतात. निफाडला हीटर नसेल, पण टोपीचं तेवढं बघा.

कोकणकन्या:
मावशी, आत्ताच बघितलं. नखाखाली पिवळट, चिकट निघालं. आणि केस तुकडे नाहीत हो, बहुतेक अख्खे लांब आहेत, टोकाला बारीक पांढरा दाणा आहे. सांगायचं राहिलं, माझं बाळ चार महिन्यांचं आहे. अंगावर पितं.

पिंपळगावची मावशी:
अगं, हे आधी सांगायचं! मग केस जाताहेत ते थंडीने नाहीच. तुकडा असता तर कोरडेपणा म्हटलं असतं. अख्खा केस मुळासकट येतो तो बाळंतपणानंतरचा. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात, ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम गळतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे परत भरून येतात. कपाळाशी उभे राहणारे छोटे केस दिसले की समज, नवे आले. माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी मी यातून गेलेय. घट्ट अंबाडा मात्र नको, सैल वेणी घाल.

मेडिकलवाली:
ताई, कोंड्यासाठी केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध २ टक्के असलेला शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा टाळूला लावून ३ ते ५ मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा, असं २ ते ४ आठवडे. लगेच धुतला तर गुण येत नाही, बहुतेकजणी तिथेच घाई करतात. तुम्ही बाळाला पाजताय, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. बाळंतपणानंतर रक्त कमी असलं तर केस जास्त जातात आणि ते तेलाने भरून निघत नाही. लोहाच्या गोळ्या बंद केल्या असतील तर तेही सांगा.

कोकणकन्या:
गोळ्या दीड महिन्यापूर्वीच सोडल्या होत्या. सोमवारी बाळाच्या लसीला जायचंच आहे, तेव्हा रक्त देऊन येते. आजपासून टाळूचं तेल बंद. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दुपारी स्वतः फिल्टरचं पाणी भरून ठेवलं, बाळाला घेऊन उन्हात बसल्या आणि मला म्हणाल्या, तू सावकाश न्हा.