मदत हवी आहे: जेंबेचं कातडं काठावरच फाटतं

१८ एप्रिलला गावात दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य) आहे. विषय बांडुंग परिषद (इंडोनेशिया, १९५५, आशिया-आफ्रिकेतले २९ देश). ढोलकीच्या जोडीला पश्चिम आफ्रिकेचा जेंबे, म्हणजे हातानं वाजवायचा ढोल, हवाय. शिवणीचं खोड कोरलं, तोंड १२ इंच. बकरीचं कातडं रात्रभर भिजवलं, तीन लोखंडी कड्या घालून ५ मिमी पॉलिएस्टर दोरीनं ओढलं. दोन कातडी गेली! दोन्ही खेपेस वाळताना, नेमकं काठावर, चर्रकन. मग काठ पॉलिश पेपरनं गोल केला, सावलीत ओलं फडकं झाकून वाळवलं. तिसरंही तिथंच चिरलं. कातडं चुन्यात भिजवलेलं नाही, केस वस्तऱ्यानं काढलेत. प्लास्टिकचं पान सुचवू नका, थाप बद्द येते. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात ओलं असताना किती ओढायचं, आणि शेवटचा ताण किती दिवसांनी द्यायचा?